ओट्याचा दगड आणि दुकानदाराचा शब्द

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्या घरांत स्वयंपाकाचा उभा ओटा खास नसावा. त्या काळीं चुलीपुढें पाट मांडून बसलें कीं गृहिणीचें राज्य सुरू होई. पुढें स्टोव्ह आला, गॅस आला, २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेनें तो गॅस खेड्यापाड्यांत पोंचविला, आणि स्वयंपाक करणारें माणूस बसल्या जागेवरून उभें राहिलें. तेव्हांपासून कमरेइतक्या उंचीवरचा दगड हा घराचा एक अवयवच होऊन बसला आहे. भिंतीचा रंग चार वर्षांनीं बदलतां येतो. ओट्याचा दगड एकदां सिमेंटांत बसला म्हणजे परत करतां येत नाहीं. म्हणून दगडाची निवड ही अखेर दगड देणाऱ्या माणसाची निवड ठरते.

यवतमाळहून धामणगांवकडे जाणाऱ्या वाटेवरचें बाभुळगांव घ्या. भोंवतीं कापसाची काळी जमीन आणि तिच्याखालीं दख्खनचा काळा पाषाण. हा पाषाण जात्याला, पाट्याला, घराच्या पायाला उत्तम. परंतु त्याच्या पातळ व रुंद लाद्या सहज निघत नाहींत. त्यामुळें बाभुळगांवच्या ओट्यावर बसणारा दगड बाहेरूनच यावा लागतो. कडाप्पा आंध्र प्रदेशांतून येतो. शहाबादी फरशी कर्नाटकांतून. ग्रॅनाइट तेलंगणांतील करीमनगर, आंध्र, कर्नाटक किंवा राजस्थान येथून. खाण गिऱ्हाइकानें पाहिलेली नसते व पाहण्याची सोयहि नसते. खाण आणि स्वयंपाकघर यांच्यामध्यें उभा असतो तो एकटा दुकानदार.

मग हा दुकानदार पारखावा कसा? पहिली कसोटी अगदीं साधी आहे. त्याला दगडाचे दोष विचारावे. कडाप्पा आणि शहाबादी हे चुनखडकाचे प्रकार आहेत. लिंबू, चिंच, ताक किंवा व्हिनेगर त्यांवर सांडून राहिलें तर पॉलिश उतरतें आणि फिकट डाग पडतो. ग्रॅनाइटला या आंबटाची बाधा सहसा होत नाहीं. मात्र फिक्या रंगाच्या कांहीं जातींत तेल मुरतें. ज्याला आपला माल ठाऊक आहे आणि जो गिऱ्हाइकाला फसवूं इच्छीत नाहीं, तो हें विचारण्यापूर्वींच सांगतो. ‘आमच्या दगडावर कशाचाच डाग पडत नाहीं’ असें जो छातीठोकपणें सांगतो, त्याच्या दुकानांतून हळूच पाय काढून घ्यावा.

दुसरी कसोटी तुकड्याची. प्रत्येक दुकानांत कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. पसंत केलेल्या लादीचाच एक तुकडा मागून घरीं आणावा. त्यावर लिंबाचे चार थेंब रात्रभर ठेवावे. दुसऱ्या जागीं पाणी, तिसऱ्या जागीं गोडें तेल. सकाळीं पुसून पाहिलें म्हणजे दगड स्वतःच आपली जात सांगतो. काळ्याभोर दगडास वरून रंग दिल्याचा संशय असेल, तर नखांचा रंग काढण्याचें द्रावण कापसावर घेऊन घासावें. कापूस काळा झाला कीं संशय फिटला. तुकडा देण्यास खळखळ करणारा दुकानदार या परीक्षेंत आधींच नापास झाला असें समजावें.

तिसरी कसोटी मापाची. समजा, ओटा दहा फूट लांब व दोन फूट रुंद आहे. हिशेबानें तो वीस चौरस फूट झाला. परंतु पैसे भिंतीवर बसलेल्या दगडाचे घ्यावयाचे, कीं कापण्यापूर्वींच्या लादीचे? सिंकसाठीं कापून काढलेला भाग मोजावयाचा कीं वगळावयाचा? कडा गोल करण्याची मजुरी, शेगडीचें भोंक, वाहतूक आणि बसवणी हीं दरांत धरलीं आहेत कीं निराळीं? हे प्रश्न न विचारतां दोन दुकानांचे दर पडताळून पाहणें म्हणजे एकीकडे सोललेला आणि दुसरीकडे सालीसकट नारळ तोलण्यासारखें आहे. जो दुकानदार हीं सर्व कलमें एका कागदावर लिहून देतो, त्याचा दर थोडा चढा वाटला तरी शेवटचा आंकडा पुष्कळदां तोच कमी भरतो.

चवथी कसोटी जबाबदारीची. अठरा मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचा एक चौरस फूट साधारण साडेचार किलो भरतो. म्हणजे वीस फुटांचा ओटा सुमारें नव्वद किलोंचा. एवढें ओझें टेंपोतून उतरतांना किंवा सिंकच्या कोपऱ्यापाशीं बसवितांना तडकलें, तर नुकसान कोणाचें? दुकानदार गवंड्याकडे बोट दाखवितो आणि गवंडी दुकानदाराकडे. हें भांडण दगड येण्यापूर्वींच मिटविलेलें बरें. सर्व रक्कम आगाऊ न देतां थोडी इसार म्हणून, थोडी माल पाहून आणि उरलेली ओटा बसल्यावर द्यावी. आणि तीन वर्षांपूर्वीं त्यानें बसविलेला एखादा ओटा अवश्य पाहावा. मात्र तेथें विचारावयाचें तें घरधन्याला नव्हे, रोज त्या ओट्यापाशीं उभी राहणाऱ्या बाईला.

एक गोष्ट सहसा कोणी विचारीत नाहीं, ती दगड कापणाऱ्या कामगाराची. कोरडा दगड यंत्रानें कापतांना उडणाऱ्या धुळींत सिलिका असते. ती फुप्फुसांत साचून सिलिकोसिस नांवाचा असाध्य विकार जडतो. क्वार्ट्‌झच्या कृत्रिम लाद्यांत हें प्रमाण फारच मोठें. याच कारणास्तव ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२४ पासून अशा लाद्यांवर बंदी घातली. ज्याच्या कारखान्यांत पाण्याच्या धारेखालीं दगड कापला जातो आणि कामगाराच्या तोंडावर योग्य मुखपट्टी असते, तो मनुष्य दृष्टीआड घडणाऱ्या गोष्टीहि नीट करतो. गिऱ्हाइकानें त्याच्यावर विश्वास टाकण्यास हें एक चांगलें कारण आहे.

इतकें करूनहि फसगत झालीच, तर? महाराष्ट्रांत ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ सालीं पुण्यांत बिंदुमाधव जोशी यांनीं उभारली. १९८६ सालीं देशांत ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अंमलांत आहे. या कायद्यानें गिऱ्हाईक जेथें राहतें त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेच तक्रार करतां येते. दगड नागपुरांत घेतला असला तरी बाभुळगांवच्या कुटुंबास यवतमाळ पुरतें. मुदत दोन वर्षांची असून पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाहीं. मात्र आयोगापुढें आठवणी चालत नाहींत, कागद लागतो. म्हणून पक्कें बिल, त्यावर दगडाचें नांव, जाडी, माप आणि दर हीं असलींच पाहिजेत. ‘बिलाशिवाय स्वस्तांत देतों’ या गोड बोलण्यानें जें वांचतें, तें संकटाच्या वेळीं दसपटीनें जातें.

कापसाचे पैसे वर्षांतून एकदां हातीं येतात, आणि त्यांतून घातलेल्या ओट्यापाशीं घरांतील बाई पुढचीं वीस-पंचवीस वर्षें उभी राहावयाची असते. तेव्हां उंचीचें माप घेतांना तिला प्रत्यक्ष उभी करावें आणि दुकानांत जातांना तिला बरोबर न्यावें. तिनें विचारलेल्या प्रश्नाला जो विक्रेता तिच्याकडे पाहून, न चिडतां, खरें उत्तर देतो, त्याच्याकडून दगड घेण्यास हरकत नाहीं.