पोरांचे प्रश्न आणि आपली अभ्यासिका
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



विहार कमिटीने आम्हाला शिक्षणावर बोला म्हणून सांगितले. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. साचेखात्यात उमर गेली. १९८२ चा संप झाला तेव्हा आम्ही सातवी-आठवीची पोरं होतो. आमच्यातल्या कितीतरी जणांची शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच. पुढे बदलीवर लागलो, आणि जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, याच विहाराच्या ओट्यावर. तेव्हा सहावी ते आठवीच्या पोरांविषयी बोलायचा थोडाफार हक्क आम्हाला आहे असे समजून बोलतो.

हे वय मोठे चमत्कारिक. पाचवीपर्यंतचे पोर सांगाल ते ऐकते. नववी-दहावीला मार्कांचा धसका बसतो. मधल्या तीन वर्षांत मात्र ते विचारत सुटते. चंद्र दिवसा कसा दिसतो? पंखा नुसता गुणगुणतो, फिरत का नाही? वंदना पालीत का म्हणायची, आम्हाला कळत तर नाही? आणि आपण काय म्हणतो? गप बस, अभ्यास कर. अभ्यास म्हणजे गाईडमधले उत्तर पाठ करणे!

कालाम लोकांना भगवंतांनी काय सांगितले ते इथे प्रत्येक जयंतीला आपण ऐकतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू बोलला म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. व्यासपीठावरून आपण हे जोरात सांगतो, आणि घरी पोराने दुसरा प्रश्न विचारला की डोळे वटारतो.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे जॉन ड्यूई हे त्यांचे प्राध्यापक. बाबासाहेबांवर त्यांचा फार मोठा प्रभाव. १९५२ साली मानाची पदवी घ्यायला बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, त्याच सुमारास, १ जूनला ड्यूई वारले. गुरुशिष्यांची भेट झाली नाही. या ड्यूईंनी १८९६ मध्ये शिकागोला एक शाळा काढली होती. तिथला एक धडा आम्ही वाचला आणि आम्हाला गिरणीच आठवली. मुलांच्या हाती कच्चा कापूस आणि लोकर दिली होती. प्रश्न असा, की लोकरीचे कापड आधी पसरले, सुती कापड मागे का राहिले? एका गटाने अर्धा तास सरकी काढली, तर कापूस एक औंससुद्धा निघाला नाही. म्हणजे एक माणूस दिवसभर राबून केवढा कापूस काढणार, हे पोरांनी आपले आपण ताडले. मग तंतू मोजले. कापसाचा आखूड, लोकरीचा लांब. इतिहास, गणित, विज्ञान आणि मजुराचे कष्ट, सगळे एका बोंडातून निघाले. आमच्या शाळेत कापसावर चार ओळी होत्या, त्या पाठ होत्या. कापूस कुणी हातात दिला नाही.

कुणी म्हणेल, ही अमेरिकेची गोष्ट. तर आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशाची ऐका. होशंगाबाद जिल्ह्यात (आता त्याला नर्मदापुरम म्हणतात) १९७२ साली सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञानाचा असाच कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था पुढे होत्या, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि दिल्ली विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी हात लावला. १९७८ ला तो जिल्हाभर झाला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने चालवला. चार-चार पोरांची टोळी, हाताने प्रयोग, शेतात फेरफटका. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा, कारण आठवण नव्हे तर विचार तपासायचा होता. मुलांनी प्रश्न पत्राने ‘सवालीराम’ला पाठवायचे, आणि उत्तर येत असे. शेतकरी-मजुरांचीच पोरं होती ती. तीस वर्षे चालून २००२ साली सरकारने तो बंद केला. पण सरकारी शाळेतल्या गरीब पोराला हे झेपत नाही, असे यापुढे कुणी सांगू नये.

कमिटीच्या बैठकीत एका मावशींनी आम्हाला खडसावले होते. त्या म्हणाल्या, “पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकाला हात लावू दिला नाही. आता कुठे पुस्तक मिळालं, तर तुम्ही म्हणता पानं-माती गोळा करा! त्यांची पोरं पाठ करून डॉक्टर होणार आणि आपली गांडुळं मोजणार?” हा प्रश्न खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. पाढे पाठ हवेत, इंग्रजी शब्द पाठ हवेत, शिष्यवृत्तीची तयारीही हवी. पण मावशी, पाठांतर ही जुन्या पाठशाळेचीच मिरास. न समजता घोकायचे आणि विचारायचे नाही, त्यावरच तर सगळा डोलारा उभा होता. होशंगाबादेत पुस्तक काढून घेतले नव्हते, उलट परीक्षेच्या बाकावर आणून ठेवले होते.

गेल्या महिन्यात आम्ही अभ्यासिकेत एक जुना धोटा नेऊन ठेवला. काही सांगितले नाही. पोरांनी आधी वजन केले. टोकाला लोखंड का, म्हणून विचारले. आम्ही सांगितले, साच्यात इकडून तिकडे आपटत जातो, नुसते लाकूड फुटेल. मग एकाला बाजूचे बारीक भोक दिसले. हे कशाला? कांडी बदलली की धाग्याचे टोक त्या भोकातून बाहेर काढायचे. आणि पूर्वी ते तोंड लावून, श्वासाने ओढून काढत. एवढ्यावरून पोरं कुठे गेली बघा! एकाच धोट्याला दहा जणांचे तोंड लागते, म्हणून रोगाची लागण कशी होते ते निघाले. आणि मग आम्ही सांगितले, की याच भोकामुळे आपल्या आज्या-पणज्यांना साचेखात्यात घेत नसत. सवर्ण कामगार म्हणत, त्यांच्या थुंकीने विटाळ होतो. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या त्रासन खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची गोष्ट पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडली होती.

सातवीतली एक मुलगी म्हणाली, “काका, रोग तर सगळ्यांच्याच थुंकीने होतो. मग त्यांना एकमेकांच्या थुंकीची भीती का नाही वाटली?”

आम्ही वीस वर्षे त्या धोट्याशेजारी उभे राहिलो, हे असे कधी विचारले नव्हते कुणी. आम्हाला उत्तर देता आले नाही. पोरांनाच शोधायला सांगितले. साचेखात्याचा आणि त्रासनचा पगार किती, हे विचारत ती चाळीतल्या म्हाताऱ्यांकडे फिरताहेत. त्यात बेरीज-वजाबाकी आली, शेकडेवारी आली, बोलणे आणि लिहून घेणेही आले.

तर कमिटीपुढे आमचे मागणे एवढेच. शाळेचा अभ्यास आठवडाभर चालतो तसा चालू द्या. रविवारी वंदनेनंतर दोन तास सहावी ते आठवीच्या पोरांना द्या. एक तागडी, दोन भिंगे, एक थर्मामीटर आणि एक जाड रजिस्टर लागेल. रजिस्टरात पोराचे नाव, तारीख आणि त्याचा प्रश्न लिहायचा. ज्यांनी गिरणीत, गोदीत, रेल्वेत, दवाखान्यात काम केले त्यांनी आळीपाळीने यावे, आपले हत्यार घेऊन यावे. उत्तर येत नसेल तर माहीत नाही म्हणावे, लाजू नये. घरकाम करणाऱ्या भगिनींनीही यावे; साबणाने तेल का निघते, हे त्यांच्याइतके हाताने कुणाला ठाऊक आहे?

रजिस्टरात आजवर सतरा प्रश्न जमलेत. पालीचा प्रश्न त्यात पहिला आहे, तो भन्तेजींकडे दिला आहे. त्यांनी पुढच्या रविवारची वेळ दिली आहे.

जय भीम.