उभ्या गाडीचा दाखला

काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ साली गेली. पण घरची पद्मिनी जिवापाड सांभाळणारे हौशी अजून आहेत. कुणी तिचं १०८९ सीसीचं इंजिन बोअर करून घेतो, कुणी कार्बोरेटरला मोठं जेट बसवतो. मग येते पीयूसीची वेळ.

भारत स्टेजच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम. हवेच्या मानानं पेट्रोल जास्त झालं की पहिला आकडा चढतो. म्हणून घाईचा मिस्त्री मिश्रणाचा स्क्रू आवळतो. तो फार आवळला की इंजिन मिसिंग करतं, न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं आणि दुसरा आकडा चढतो. जाणता मिस्त्री स्क्रूला शेवटी हात लावतो. आधी एअर फिल्टर, प्लग, पॉइंट, टॅपेट पाहतो. इंजिन नीट तापू देतो.

खरी गोम पुढे आहे. या गाड्यांची चाचणी उभ्यानं, आयडलिंगवर होते. मेन जेटचं पेट्रोल मात्र ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाहतं. म्हणजे दाखला मिळतो आणि घाटात काळा धूर सुटतो. कार्बन मोनॉक्साइडला तर रंग नाही, वास नाही. बंद गॅरेजात तो आधी गाठतो मिस्त्रीच्या हाताखालच्या पोराला.

तेव्हा जेट इंजिनाला बेताचंच बसवा. गाडी चढावर चालवून आणा, मग प्लग काढून पाहा. त्यावर काळी काजळी असेल, तर खिशात दाखला असूनही काम अजून राहिलं आहे.