प्रतीक्षामार्गातील जपानी फुले

(वार्षिक सभेतील भाषण)



डायलिसिस विभागाबाहेरील प्रतीक्षामार्गात या वर्षी फुलांची दहा चित्रे लावण्यात आली. त्यावरून आमच्याकडे दोन प्रश्न आले. रुग्णालयाला चित्रे कशाला, हा पहिला. दुसरा अधिक टोकदार होता : लावायचीच होती, तर नकला का लावल्या? आमच्यासारख्या वाणिज्य पदवीधराकडून कलेवरील व्याख्यानाची अपेक्षा आपण करणार नाही. परंतु हिशेब देणे हे आमचे कर्तव्यच आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खिडकीतून झाडे दिसणारे २३ रुग्ण सरासरी ७.९६ दिवस रुग्णालयात राहिले, तर विटांची भिंत दिसणारे २३ रुग्ण ८.७० दिवस. हा अभ्यास खिडकीचा होता, चित्रांचा नव्हे. सबब, चित्रांनी आजार हटतो असा दावा आम्ही करीत नाही. आमच्या त्या मार्गाला मात्र खिडकीच नाही, आणि तेथे नातेवाइकांना आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास बसावे लागते.

आता नकलेविषयी. ही चित्रे कात्सुशिका होकुसाई या जपानी चित्रकाराची. सुमारे १८३३-३४ मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर, त्याने मोठ्या फुलांची ही मालिका केली. वाऱ्याने वाकलेली अफूची फुले पाहावीत. देठ इतके झुकले आहेत की वारा जणू डोळ्यांना दिसतो. एका चित्रात पहाटे उमलणारी वेलीची फुले आहेत व त्यांच्या पानांत एक हिरवा बेडूक दडला आहे. तो शोधण्यात लहान मुलांचा वेळ बरा जातो. या वेलीच्या बिया पूर्वी चीनमधून जपानात आल्या त्या औषध म्हणून. शोभेची हौस नंतरची.

अशी चित्रे एकट्या चित्रकाराच्या हातून होत नसत. प्रकाशक भांडवल घाली, चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी, आणि कोरक्या तो कागद रानचेरीच्या फळीवर उलटा चिकटवून रेषा तेवढ्या उठावाच्या ठेवी. या कामात मूळ रेखाटन नष्ट होत असे. पुढे रंगांसाठी निरनिराळे ठसे कोरले जात, आणि छापणारा कोपऱ्यातील खुणांना कागद टेकवून, बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने तो पाठीमागून घासून, एकामागून एक रंग उतरवी. म्हणजे ज्यास आपण ‘अस्सल’ म्हणतो, तीही अनेक प्रतींपैकी एक प्रतच होय, आणि ती सामान्य शहरवासीयाच्या घरी जावी म्हणूनच निघत असे.

तरीही आमच्या प्रती त्या नव्हेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या यंत्राने, रंगद्रव्याच्या शाईने सुती कागदावर छापल्या आहेत. हाताने घासल्याचा दाब त्यांत नाही, तुतीच्या सालीच्या जपानी कागदाचा पोतही नाही. म्हणून प्रत्येक चौकटीखाली ‘प्रतिकृती’ हा शब्द ठळक लिहिला आहे. देणगीदारांच्या पैशातून लावलेल्या वस्तूबद्दल कोणाचा गैरसमज होणे आम्हांस परवडणारे नाही.

खर्च एका देणगीदाराने याच कामासाठी दिलेल्या रकमेतून झाला. निर्धन रुग्ण निधीतील एक रुपयाही यास लागलेला नाही. होकुसाईचे निधन १८४९ साली झाले असल्याने स्वामित्वशुल्काचा प्रश्नही आला नाही. चौकटींना काचेऐवजी ॲक्रिलिकची तावदाने आहेत. ती फुटून इजा होत नाही व रोजच्या सफाईत पुसता येतात.

जुन्या छापांचे काही रंग उजेडाने विटतात, म्हणून संग्रहालये ते थोडेच दिवस व मंद प्रकाशात मांडतात. आमची फुले रात्रंदिवस दिव्यांखालीच राहतील. विटली, की उतरवून दुसरी छापून घेऊ.