कामगाराच्या घरातील संगणक



अकोल्या-अमरावतीच्या कामगारवस्तीत संगणक येतो तो बहुधा हप्त्याने. मुलाला शिकायचे असते प्रोग्रॅमिंग. दुकानदार बापाच्या गळ्यात मारतो खेळांचे ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिव्यांची पेटी! शिकण्यापुरता या दोहोंचा काडीचा उपयोग नाही.

आमचे म्हणणे असे की, पैसा मेमरीत घालावा. जिनिंगात यंत्रे कितीही असोत, कापूस वेळेवर पोचला नाही तर ती रिकामीच फिरतात. प्रोसेसरची गत तीच. ग्राफिक्सची सोय पोटातच असलेला मध्यम प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, एवढ्यावर भागते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले. १६ झेपत नसेल तर ८ ची एकच पट्टी घ्यावी, पण मदरबोर्डावर दुसरी खाच रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. कचेरीतून निघालेला जुना संगणकही नवी एसएसडी घालून उत्तम चालतो. लिनक्स तर फुकटच मिळते.

पॉवर सप्लायवर मात्र काटकसर नको. आपल्या वऱ्हाडात वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, विजेचा दाब खालीवर होतो. हलका सप्लाय जळताना मदरबोर्डही घेऊन जातो, आणि हप्ते तेवढे मागे राहतात.

पावतीवर प्रत्येक भागाचे नाव, किंमत व हमी वेगळी लिहून घ्या. ‘संगणक, नग एक’ एवढेच लिहिले असेल, तर पुढे भांडायला हातात कागद राहत नाही.