मोजलेले गोळे आणि फुटलेले गोळे



एडविन माँटेग्यू हे नाव आपल्याला ठाऊक आहे ते १९१९च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे. भारतमंत्री होण्यापूर्वी, १९१६च्या उत्तरार्धात, हे गृहस्थ काही महिने ब्रिटनचे दारूगोळामंत्री होते. आज मी बोलणार आहे ते त्या खात्याविषयी.

मार्च १९१५मध्ये फ्रान्समध्ये नव शापेलची लढाई झाली. तीत हिंदी पलटणीही होत्या. तोफगोळे किती झपाट्याने संपतात हे तिथे कळले. मे महिन्यात ‘टाइम्स’ने ही टंचाई चव्हाट्यावर आणली, सरकार हादरले आणि दारूगोळ्याचे नवे खाते लॉइड जॉर्ज यांच्याकडे आले. त्यांनी कारखानदार आणि रेल्वेचे अधिकारी हाताशी धरले. जुलैच्या कायद्याने संपांना बंदी आली, मालकांच्या नफ्यावर मर्यादा आली. कामगाराला मात्र मालकाच्या दाखल्याशिवाय काम सोडून दुसरीकडे लागणे कठीण झाले.

आपल्याला वाटेल, पोलादाचे कवच घडवले की गोळा झाला. तसे नसते. आत स्फोटक भरावे लागते, टोकाला फ्यूज बसवावा लागतो, गोळा तोफेतून फेकण्यासाठी वेगळी दारू लागते. कवचे भराभर घडली. फ्यूज आणि भरणी मागे पडली. रिकाम्या कवचांचे ढीग साचले. कागदावर उत्पादन वाढत होते, आघाडीवर गोळे पोहोचत नव्हते. टी.एन.टी. पुरेना, तेव्हा त्यात अमोनियम नायट्रेट मिसळू लागले. भरणीच्या कामावर मोठ्या संख्येने बायका होत्या. त्या विषारी पदार्थाने त्यांची कातडी पिवळी पडे, म्हणून लोक त्यांना ‘कॅनरी’ म्हणत. थट्टाच ती, पण काहीजणी विषबाधेच्या काविळीने दगावल्या.

जून १९१६च्या अखेरीस सोमच्या आघाडीवर आठवडाभर सुमारे पंधरा लाख गोळे डागले गेले. वर्षापूर्वी हा आकडा स्वप्नवत वाटला असता. पण घाईत तपासणी सैल झाली होती, फ्यूज सदोष होते. कितीतरी गोळे फुसके निघाले. काटेरी तारा अनेक ठिकाणी तुटल्याच नाहीत. १ जुलैला त्या तारांपाशी पोहोचलेल्या सैन्यातले एकोणीस हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक एका दिवसात मेले. सारा दोष गोळ्यांचा नव्हता, सेनापतींच्या योजनेचाही होता. तरी माझ्या मते खात्याच्या कारभारातली मूळ चूक हीच: कारखान्यातून बाहेर पडलेला गोळा मोजला, फुटलेला नाही.

पुढे फ्यूज सुधारले, तपासणी कडक झाली. भरणीची घाई मात्र कमी झाली नाही. बरोबर दोन वर्षांनी, १ जुलै १९१८ रोजी, नॉटिंगहॅमजवळ चिलवेलच्या भरणी कारखान्यात स्फोट होऊन १३४ माणसे मेली. ओळख पटली ती अवघ्या ३२ जणांची.