पाळी : शेताची आणि शरीराची



आपल्या ताडकळसकडे ‘पाळी’ म्हटले की शेतकऱ्याच्या मनात आधी येते ती पाण्याची पाळी. येलदरीचे पाणी सिद्धेश्वर धरणात उतरते, तेथून कालव्यात, कालव्यातून चारीत आणि शेवटी वाफ्यात. पाणी वाफ्यात दिसते खरे; पण ते सोडण्याचा हुकूम वरून आलेला असतो. बाईच्या मासिक पाळीचेही तसेच आहे. रक्त गर्भाशयातून येते, हुकूम मात्र डोक्यातून सुटतो!

हा हुकूम रक्तातून जातो. तो नेणाऱ्या रसायनांना संप्रेरके म्हणतात. डॉक्टर मंडळी ‘हार्मोन’ म्हणतात. मेंदूच्या तळाशी एक छोटा भाग आहे. मुलगी साधारण आठ ते तेरा वर्षांची असताना तो जागा होतो आणि खालच्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो. ही ग्रंथी आपली संप्रेरके सोडते, ती ओटीपोटातल्या दोन बीजकोशांना पोचतात, आणि बीजकोश इस्ट्रोजेन तयार करू लागतात. मग मुलीची छाती भरते, उंची झपाट्याने वाढते आणि दोन-तीन वर्षांनी पहिली पाळी येते. मुलांतही वरचा हुकूम हाच. तेथे तो वृषणांना मिळतो. मग आवाज फुटतो, मिसरूड येते.

आता महिन्याचा हिशोब पाहू. इस्ट्रोजेन वाढले की गर्भाशयाच्या आत मऊ अस्तर तयार होते. जणू पेरणीपूर्वीची मशागतच. ते पुरेसे वाढले की पीयूषिका जोराचा हुकूम सोडते आणि बीजकोशातून एक स्त्रीबीज बाहेर पडते. त्याच जागी प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तयार होते. ते अस्तर राखून ठेवते. गर्भ राहिला नाही, तर सुमारे चौदा दिवसांत दोन्ही संप्रेरके ओसरतात, अस्तर सुटते आणि रक्तासह बाहेर पडते. हीच पाळी. यात ‘विटाळ’ कोठे आला, सांगा बरे? गर्भासाठी केलेली तयारी कामी आली नाही, एवढेच!

सुरुवातीची एक-दोन वर्षे दर महिन्याला स्त्रीबीज सुटतेच असे नाही. म्हणून तारखा मागेपुढे होतात. आईने घाबरू नये. मात्र आठ वर्षांच्या आतच छाती भरू लागली, पंधरा वर्षे होऊनही पाळी आली नाही, किंवा रक्त फार जाऊ लागले, तर डॉक्टरांना दाखवावे.

आता एक कळकळीची गोष्ट. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत काम चुकले की खाडा पडतो, मजुरी कापली जाते. ‘पिशवी काढली की कटकट मिटली’ असे बायकांना वाटते, आणि कोणी तसे सांगतेही. परभणी जिल्ह्यातूनही टोळ्या उसाच्या फडावर जातात, म्हणून बोलते. बायांनो, पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर इस्ट्रोजेन एकदम आटते. अंगाची लाही होते, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. बीजकोश ठेवले, तरी त्यांचे काम लवकर थांबू शकते. काही आजारांत हे ऑपरेशन लागते, नाही असे नाही. पण खाडा हा काही आजार नव्हे! आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, आणि ‘बीजकोश ठेवणार ना?’ असे स्पष्ट विचारा.

गुरुजी आणि बाईंना एवढीच विनंती, की सातवीच्या वर्गात फळ्यावर हे चित्र काढावे : मेंदू, पीयूषिका, बीजकोश, गर्भाशय. मुला-मुलींना एकत्रच दाखवावे. ज्या मुलीला हुकूम कोठून येतो हे ठाऊक असते, ती पहिल्या दिवशी कोपऱ्यात रडत बसत नाही. आईला हाक मारते.