अहवालातील एक ओळ

(समर्थकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वसतिगृहाचा छापील अहवाल तुमच्या हाती आहे, तो मी वाचून दाखवत नाही. जमेच्या बाजूला एक ओळ आहे : ‘जुनी टपाल तिकिटे, लिलावातून, रु. ३६,४००.’ सकाळपासून तिघांनी मला विचारले, हे काय प्रकरण? तेवढ्यावरच बोलतो.

मी शाळेत असल्यापासून तिकिटे जमवतो. आमच्या घरी हा चेष्टेचा विषय आहे. पण तिकिटांचा आणि मिशनचा संबंध जुना आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या पणजोबांना ज्या अमेरिकन मराठी मिशनने शिकवले, ते १८१३ मध्ये मुंबईत आले. त्याच बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने १८१९ मध्ये हवाई बेटांवरही मिशनरी पाठवले. तिथे १८५१ मध्ये पहिली तिकिटे निघाली, २, ५ आणि १३ सेंटांची, अगदी पातळ कागदावर. ती सापडली ती बहुतेक मिशनऱ्यांनी घरी पाठवलेल्या पत्रांवर. म्हणून जगभरचे संग्राहक त्यांना आजही ‘मिशनरी’ म्हणतात. दोन सेंटांची आज पंधरा-सोळाच उरली आहेत आणि लिलावात त्यांना लाखो डॉलर मिळतात. लिहिणारे बिचारे उसनवारीवर संसार चालवत असतील!

आता आपल्या ओळीकडे येतो.

गेल्या वर्षी मंडळीतल्या एका वृद्ध बहिणीने यजमानांचे तीन अल्बम आपल्या कामाला दिले. यजमान रेल्वेत कारकून होते. “कागदच आहेत, पोरांच्या कामी आले तर बघा,” एवढेच त्या बोलल्या. आपल्या खजिनदारांनी एका व्यापाऱ्याला दाखवले. त्याने पाने भराभर उलटली आणि सगळ्याचे मिळून ४,००० रुपये सांगितले. जून जवळ आला होता, वह्या-गणवेशांची बिले समोर होती, कमिटी तयार झाली. मी म्हणालो, दोन दिवस थांबा, मी एकदा पाहतो.

तिसऱ्या अल्बममध्ये १८५४ चे चार आण्यांचे तिकीट निघाले. त्या वर्षी हिंदुस्थानभर चालणारी पहिली तिकिटे निघाली. त्यातले चार आण्यांचे दोन रंगांत कलकत्त्याला शिळाछापावर छापलेले आहे : लाल चौकट, आत राणीचे निळे मुख. मुख उलटे छापले गेलेली मोजकी तिकिटे जगप्रसिद्ध आहेत. हे तसे नव्हते, साधेच होते. पण त्या काळी तिकिटांना भोके नव्हती, लोक कात्रीने कापत, आणि चौकट अष्टकोनी म्हणून पुष्कळांनी कडेकडेने अष्टकोनी कापून टाकले. तशा तिकिटाला किंमत नाही म्हटले तरी चालेल. या तिकिटाच्या चारही बाजूंना कोरा कागद होता. मी वीस वर्षे असे एक शोधत होतो.

बंधुभगिनींनो, ते अल्बम माझ्या घरी दोन दिवस नव्हे, अकरा दिवस राहिले. मी कोणाला काही बोललो नाही. माझा हिशेब असा होता : व्यापारी ४,००० देतो, मी ५,००० देतो, कमिटी खूश, बाई खूश, मीही खूश. खोटे एक अक्षर बोलायचे नव्हते. धर्मशिक्षणाचा डिप्लोमा अशा वेळी फार उपयोगी पडतो. मला शेतात लपवलेल्या ठेवीचा दाखला आठवला. त्या माणसालाही ठेव सापडली, त्याने ती लपवली आणि मालकाला न सांगता शेत विकत घेतले! अकराव्या रात्री मात्र दुसरीच नावे डोक्यात आली, हनन्या आणि सप्पीरा. त्यांनीही किमतीतला काही भाग मागे ठेवला होता. सकाळी खजिनदारांच्या घरी जाऊन सगळे सांगितले, मनात काय होते तेसुद्धा. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, “लिलावाला पाठवा.”

लिलावाची मला थोडी माहिती होती, तीही ठेच खाऊन झालेली. सहा वर्षांपूर्वी मी एका लिलावात १९४८ चे गांधीजींचे दहा रुपयांचे तिकीट घेतले. कॅटलॉगमध्ये गोंदाविषयी काय लिहिले आहे ते नीट वाचले नाही. समोरचा बोली वाढवत होता, मीही वाढवत गेलो. घरी आल्यावर कळले, मागचा गोंद नंतर लावलेला आहे. शिवाय बोलीवर लिलावघराचे कमिशन आणि कर पडले ते वेगळेच. पत्नीने पुढचे तीन महिने त्या तिकिटाला ‘बापूंची साडी’ म्हटले, कारण साडीचे पैसे त्यात गेले होते. तेव्हापासून मी घरीच कागदावर आकडा लिहून नेतो आणि त्यापुढे हात वर करत नाही. महागडे तिकीट असेल तर तज्ज्ञाचे प्रमाणपत्र मागतो.

या वेळी खजिनदारांना मी विचारले, उघडपणे बोली लावू का? ते म्हणाले, “आपणच विकणार आणि आपल्यातल्यानेच भाव चढवायचा? नको.” त्यांचे बरोबर होते. विकणाऱ्याच्या बाजूने बोली लागली की भाव फुगवल्यासारखे होते. मी मागच्या खुर्चीवर हात गुडघ्यांवर ठेवून बसलो. बोली ८,००० पासून सुरू झाली, १५,००० ला जरा थांबली. माझ्या मनातला आकडा तोच होता. मग फोनवरून कोणी पुढे सरकले आणि २२,००० वर हातोडा पडला. पुरते दीड मिनिटही लागले नाही. मला वाईट वाटले, हे लपवत नाही. इतर लॉटही गेले. कमिशन वजा जाता जे आले ते अहवालात आहे. मुलींच्या न्हाणीघरांना दारे आणि टाकीपासून नळ त्यातून झाले. त्याआधी पोरी पहाटे अंधारात, कोणी जागे व्हायच्या आत आंघोळ उरकत.

बाईंना सांगायला गेलो. मला वाटले, आनंदतील. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “ते असते तर विकू दिलं नसतं हो.” नंतर विचारले, दारांना आतून कड्या लावल्या का? लावल्या आहेत, असे मी सांगितले.

दाराजवळच्या टेबलावर पत्र्याचा डबा ठेवला आहे. घरातली जुनी पाकिटे त्यात टाका. तिकिटे ओरबाडू नका, पाण्यातही घालू नका. भोवती बोटभर कागद ठेवून कापा. आणि पाकीट १९५० च्या आधीचे असेल तर कात्रीच लावू नका, पाकीट तसेच द्या. मोजदाद खजिनदार करतील. मी अल्बमला एकटा हात लावत नाही.